दोनशे चाळीस प्रश्न सोडवले, तरी नवा प्रश्न का अडतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सात महिन्यांत लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर २४० प्रश्न झाले, बरेचसे व्हिडिओ बघून. स्पर्धेत बसलं की पहिला प्रश्न सुटतो, दुसऱ्यावर गाडी अडते. लॅपटॉप जुना, नेट मोबाइलचं. मित्र म्हणतात पुण्याला जाऊन क्लास लाव. लावू का?

यासाठी पुण्याला जायची गरज नाही. तुमची मेहनत कमी पडलेली नाही, सरावाची रचना चुकली आहे, आणि ती नांदेडात बसूनच दुरुस्त होते.

विषयवार यादी घेऊन प्रश्न सोडवताना दोन कामं तुमच्या वाट्याला येतच नाहीत. पहिलं, प्रश्न कोणत्या जातीचा ते ओळखणं. यादीच्या माथ्यावर 'स्लायडिंग विंडो' असं रीतीचं नाव लिहिलेलं असलं की निम्मं उत्तर प्रश्न वाचण्याआधीच हाती आलेलं असतं. दुसरं, आपला कोड कुठे चुकतो ते शोधणं. लीटकोड नापास झालेली टेस्ट केस, म्हणजे कोड तपासायचं इनपुट, समोर आणून ठेवतं. आपण तेवढ्यापुरता एक 'इफ' (अट) टाकतो, पुन्हा सबमिट करतो, पुढची केस येते, तिच्यासाठी आणखी एक 'इफ'. ॲटकोडर या कोडिंग स्पर्धांच्या साइटवर चालू स्पर्धेत फक्त 'रॉंग आन्सर' एवढंच कळतं. कंपन्यांच्या ऑनलाइन परीक्षेत बहुतेक टेस्ट केस झाकलेल्या असतात. म्हणजे परीक्षा जी दोन कामं मागते, नेमकी तीच सात महिने सरावातून वगळली गेली.

आपल्याकडे लातूर पॅटर्न सगळ्यांच्या ओळखीचा आहे: प्रश्नसंचांमागून प्रश्नसंच, वेळ लावून चाचण्या, उजळणीवर उजळणी. बोर्डाच्या आणि प्रवेश परीक्षांत प्रश्नांचे साचे पुन्हा येतात म्हणून तो चालतो. कोडिंग स्पर्धेत प्रश्न काढणारा जुना साचा मुद्दाम टाळतो. त्यामुळे त्या पद्धतीतली संख्या इथे कामाला येत नाही. वेळ लावून सोडवणं आणि चुकांची नोंद मात्र जशीच्या तशी उचला, त्या दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत.

आता एक प्रश्न हातात घेतल्यावर काय करायचं ते बघू. पहिली दहा मिनिटं कीबोर्डला हात लावायचा नाही. वही घ्या, इनपुट काय, उत्तर म्हणून काय हवं, हे मराठीत दोन ओळींत लिहा. नमुना इनपुटचं उत्तर हाताने काढा. ते हाताने निघत नसेल तर प्रश्न अजून समजलेला नाही, आणि न समजलेल्या प्रश्नावर कोड लिहिणं म्हणजे अख्खी संध्याकाळ वाया.

मग मर्यादा वाचा, ज्याला कन्स्ट्रेंट म्हणतात. नवशिके ती ओळ ओलांडून पुढे जातात, आणि खरं तर निम्मा इशारा तिथेच असतो. सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया होतात असं धरून चाला, पायथनमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. एन, म्हणजे इनपुटचा आकार, २० पर्यंत असेल तर सगळे उपसंच तपासले तरी १० लाखांच्या आसपासच होतात, तेव्हा सरळ सगळे तपासा. एन ५०० असेल तर तीन लूप एकात एक चालतात, १२.५ कोटी क्रिया. ५,००० असेल तर दोन लूप, २.५ कोटी. एन २ लाख दिसला की दोन लूपचा विचार सोडा, कारण ते ४,००० कोटी होतात. तिथे सॉर्टिंग, बायनरी सर्च (दर वेळी निम्मा भाग टाकून शोधणं), प्रिफिक्स सम (सुरुवातीपासूनच्या बेरजा आधीच काढून ठेवणं), हीप (सर्वांत लहान किंवा मोठा आकडा चटकन देणारी रचना) यांपैकी काहीतरी अपेक्षित असतं आणि क्रिया ३५-४० लाखांत आटोपतात. आणि एन १ वर १८ शून्यं इतका मोठा असेल तर लूपच नको. सूत्र तरी शोधायचं, नाहीतर दर पायरीला आकडा निम्मा करणारी रीत.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. मोंढ्यात सोयाबीनचे ढीग ओळीने लावले आहेत, वजनं क्विंटलमध्ये ९, ४, ६, ३, ८, ५. ट्रक ३. माल ओळीच्या क्रमानेच भरायचा, ढीग फोडायचा नाही, एखादा ट्रक रिकामा राहिला तरी चालेल. सगळ्यात जास्त भरलेल्या ट्रकवरचं वजन कमीत कमी किती ठेवता येईल?

ढीग १ लाख असतील तर वाटणीचे सगळे प्रकार तपासणं अशक्य. इथे प्रश्न उलटा करायचा. 'कमीत कमी किती' हे आत्ता विचारायचंच नाही. 'एका ट्रकवर १५ क्विंटलपेक्षा जास्त नाही असं ठरवलं, तर ३ ट्रक पुरतील का?' एवढंच विचारायचं. याचं उत्तर एका फेरीत मिळतं: माल भरत जा, पुढचा ढीग टाकल्यावर मर्यादा ओलांडत असेल तर नवा ट्रक लावा. १५ ला ९+४, ६+३, ८+५, म्हणजे ३ ट्रक, पुरले. १२ ला ९, मग ४+६, मग ३+८, मग ५, म्हणजे ४ ट्रक, नाही पुरले. १२ ला जमत नाही म्हणजे त्याखाली कधीच जमणार नाही, १५ ला जमतं म्हणजे त्यावर नेहमी जमेल. अशी 'नाही, नाही, नाही, हो, हो, हो' रांग दिसली की मधली सीमा बायनरी सर्चने शोधायची. खालचं टोक ९ (सर्वांत जड ढीग), वरचं ३५ (एकूण बेरीज). मधले आकडे अनुक्रमे २२, १५, १२, १४, १३ तपासले जातात आणि पाच तपासण्यांत उत्तर येतं १३. ढीग १ लाख आणि प्रत्येकाचं वजन १०० कोटींपर्यंत असलं तरी ४७ च्या आसपास तपासण्या पुरतात, म्हणजे अर्धा कोटीही क्रिया होत नाहीत.

रीत बरोबर असूनही कोड तीन ठिकाणी फसतो. वजनांची बेरीज १ वर १४ शून्यं इतकी जाऊ शकते आणि सी प्लस प्लसच्या इंट या पूर्णांक प्रकारात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे काही मावत नाही. बेरीज गुपचूप ऋण होते, कुठेही एरर येत नाही. म्हणून लाँग लाँग हा मोठा प्रकार घ्यायचा. दुसरं, तपासणीत 'नाही' आल्यावर खालचं टोक 'मधला' एवढंच ठेवलं, 'मधला अधिक १' केलं नाही, तर टोकं १२ आणि १३ वर आली की मधला पुन्हा १२ येतो आणि लूप कधी थांबत नाही. निकाल टाइम लिमिटचा, म्हणजे वेळ संपल्याचा, दिसतो, माणूस रीत बदलायला जातो, आणि चूक असते एका अधिक १ ची. तिसरं सगळ्यात लपलेलं: खालचं टोक ९ ऐवजी १ ठेवणं. नमुना इनपुट तरीही पास होतं. पण ढीग ९ आणि २, ट्रक ३ असं दिलं तर कोड १ उत्तर देतो, कारण मर्यादेपेक्षा जड ढीगही तो बिनदिक्कत नव्या ट्रकवर चढवतो. खरं उत्तर ९.

ही तिसरी चूक दुसऱ्या कुणी दाखवण्याआधी स्वतः पकडता येणं, हेच कौशल्य तुम्हाला कमवायचं आहे. त्यासाठी स्ट्रेस टेस्टिंग शिका. तीन छोटे प्रोग्राम लागतात. एक तुमचा वेगवान कोड. दुसरा मठ्ठ कोड, जो सगळ्या वाटण्या करून बघतो, हळू असतो, पण चुकायला जागाच नसते. तिसरा कोड यादृच्छिक इनपुट तयार करतो. ढीग १ ते ६, वजन १ ते ९, ट्रक १ ते ४ एवढंच ठेवा. इनपुट लहान ठेवायचं कारण असं की बहुतेक चुका लहान इनपुटमध्येही उघड होतात आणि लहान इनपुट डोळ्यांनी तपासता येतं. दोन्ही कोडना तेच इनपुट द्या, उत्तरं ताडून बघा, हजार वेळा चालवा, जिथे फरक पडेल तिथे थांबा. याला नेट लागत नाही, जुना लॅपटॉप सहज पेलतो, आणि मठ्ठ कोड लिहिताना प्रश्नाची समजही पक्की होते. पहिल्यांदा हे बसवायला तास जाईल, नंतर दहा मिनिटं.

निकालाच्या पाटीवरूनही बरंच कळतं. पहिल्याच टेस्टवर रॉंग आन्सर आलं तर प्रश्न चुकीचा वाचला आहे किंवा छापण्याची पद्धत चुकली आहे. बऱ्याच टेस्ट पास होऊन मग रॉंग आन्सर आलं तर आधी ओव्हरफ्लो (आकडा इंटमध्ये न मावणं) बघा, मग एन १ असतानाचं वागणं, मग सगळे आकडे सारखे असतानाचं. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवर बहुतेकदा एका इनपुटमध्ये अनेक टेस्ट केस असतात, तिथे मागच्या केसचा ॲरे रिकामा न करणं ही सर्रास होणारी चूक. रनटाइम एरर म्हणजे बहुधा ॲरेच्या बाहेर हात गेला. पायथनमध्ये रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) खोली मुळात १,००० ला अडवलेली असते, तेही एक कारण. टाइम लिमिट आली तर रीत बदलण्याआधी इनपुट वाचण्याचा वेग तपासा. पायथनमध्ये २ लाख ओळी साध्या इनपुट फंक्शनने वाचणं महाग पडतं, सिस डॉट स्टडइन वापरा. सी प्लस प्लसमध्ये दर ओळीला एंडएल लिहिलं की बफर दर वेळी रिकामा होतो, त्याऐवजी नव्या ओळीचं चिन्ह छापा. सी प्लस प्लसमध्येच पूर्णांकाचा घात काढायला पॉ फंक्शन वापरू नका. ते दशांशात हिशेब करतं आणि कुठेतरी १ ने कमी उत्तर देऊ शकतं. उत्तर १०० कोटी ७ ने भागून बाकी मागितलेली असेल तर वजाबाकीनंतर बाकी ऋण होऊ शकते, तेव्हा पुन्हा १०० कोटी ७ मिळवून बाकी घ्या.

मराठी माध्यमाचा उल्लेख तुम्ही केलात. अडचण इंग्रजीची म्हणावी तेवढी नाही, पंधरा-वीस शब्दांची आहे, आणि ते अर्थ पाठच करावे लागतात. सबॲरे आणि सबस्ट्रिंग म्हणजे सलग तुकडा. सबसिक्वेन्स म्हणजे मधले घटक गाळले तरी चालतील, क्रम मात्र तोच. सबसेटमध्ये क्रमाचाही प्रश्न नाही. या तिघांची गल्लत झाली की अख्खा प्रश्नच वेगळा होतो. ॲट मोस्ट म्हणजे जास्तीत जास्त, ॲट लीस्ट म्हणजे कमीत कमी. घाईत हे दोन उलटे वाचले जातात, म्हणून वहीत चिन्ह काढून ठेवा. नॉन-डिक्रीझिंग म्हणजे चढता किंवा सारखा. स्ट्रिक्टली इन्क्रीझिंगमध्ये सारखा चालत नाही. डिस्टिंक्ट म्हणजे सगळे वेगवेगळे. परम्युटेशन म्हणजे १ ते एन प्रत्येक आकडा नेमका एकदा. इन्क्लुझिव्ह म्हणजे दोन्ही टोकं धरून. लेक्सिकोग्राफिकली म्हणजे शब्दकोशातल्या क्रमाने. तिथे '१०' हा मजकूर '९' च्या आधी येतो, हे विसरू नका. कोडफोर्सेसवर गोष्टीचा पसारा असतो. ॲटकोडरची इंग्रजी मांडणी सरळ आणि कोरडी असते, म्हणून तिथून सुरुवात केली तर वाचण्याचा त्रास निम्म्याने कमी होईल.

किती वेळ अडकून राहायचं? सोप्या पातळीवर ३० ते ४० मिनिटं, मधल्या पातळीवर तासभर. पण अडकणं म्हणजे स्क्रीनकडे बघत बसणं नव्हे. एन ३ किंवा ४ घेऊन हाताने उत्तरं काढा, एखादी अट काढून टाकून सोपा प्रश्न सोडवा, शेवटाकडून विचार करून बघा. या तिन्हींनंतरही सलग वीस मिनिटं वहीत नवीन काही उतरलं नाही तर एडिटोरियल (साइटने दिलेलं उत्तराचं स्पष्टीकरण) उघडा, पण एकाच परिच्छेदापुरतं. तेवढा वाचा, बंद करा, पुन्हा प्रयत्न करा. पूर्ण वाचावंच लागलं तर कोड बघून उतरवू नका. दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलवर स्वतः लिहा. तीन दिवसांनी एकदा, दोन आठवड्यांनी आणखी एकदा. व्हिडिओचा तोटा हाच की तो कुठे थांबवायचा हे आपल्या हातात राहत नाही. समजावणारा पहिल्या पाच मिनिटांत युक्ती सांगून मोकळा होतो, आणि समजलं म्हणजे जमलं असं वाटून जातं.

प्रत्येक प्रश्नामागे वहीत दोनच ओळी लिहा: कशावरून ओळखायला हवं होतं, आणि मी कुठे अडलो. 'डीपीचा (डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा) प्रश्न होता' या नोंदीला काही किंमत नाही. 'जास्तीत जास्तातलं कमीत कमी मागितलं आणि हो-नाहीची रांग दिसली, म्हणजे उत्तरावर बायनरी सर्च', ही नोंद पुढच्या स्पर्धेत उपयोगी पडते.

प्रश्न कुठून घ्यायचे? कोडफोर्सेसवर प्रश्नांना ८०० ते ३,५०० असं मानांकन असतं. ८०० पासून चढत जा, आणि दहापैकी सहा-सात स्वतःच्या बळावर सुटतील अशी पातळी धरा. दहाच्या दहा सुटत असतील तर २०० ने वर जा, तीनच सुटत असतील तर खाली या. विषयाचे टॅग दिसू न देण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, ती आजच चालू करा. एखादा विषय नव्याने शिकताना मात्र टॅग लावून आठ-दहा प्रश्न जरूर करा, तिथे ते योग्यच आहे. त्यासाठी सीएसईएसचा फुकट प्रश्नसंच मला सगळ्यांत नेटका वाटतो. फिनलंडच्या अँटी लाक्सोनेन यांनी तो उभा केला आहे, प्रश्न दोन-चार ओळींचे आणि विषय चढत्या क्रमाने. एकाच भाषेला धरून राहा. सी प्लस प्लस येत असेल तर तीच, पायथन येत असेल तर पायथन. दोन्हींत निम्मं निम्मं नको.

स्पर्धा आठवड्याला एक, फार तर दोन. ॲटकोडरची बिगिनर स्पर्धा बहुतेक शनिवारी आपल्या संध्याकाळी ५:३० ला, १०० मिनिटांची. लीटकोडची साप्ताहिक रविवारी सकाळी ८ ला, दीड तास, ४ प्रश्न. कोडशेफची स्टार्टर्स बुधवारी रात्री ८ ला, कोडफोर्सेसच्या फेऱ्या बहुधा रात्री ८:०५ ला. वेळा अधूनमधून बदलतात, आदल्या दिवशी बघून घ्या. स्पर्धेच्या वेळेपेक्षा नंतरचा दीड तास मोलाचा. जो प्रश्न थोडक्यात हुकला तोच पूर्ण करायचा, त्यापुढचे चार नाहीत. रेटिंग सुरुवातीला खाली-वर होतं, पहिल्या आठ-दहा स्पर्धा तिकडे लक्ष देऊ नका.

मोबाइलच्या नेटवर हे सगळं निभतं. प्रश्न हा केवळ मजकूर असतो, डेटा खातात ते व्हिडिओ. कॉलेजच्या वायफायवर आठवड्याचे दहा-बारा प्रश्न पीडीएफ करून ठेवा आणि कंपायलर लॅपटॉपवरच घाला, म्हणजे लाईट गेली आणि टॉवर बंद पडला तरी बॅटरी असेपर्यंत काम चालू राहतं. ब्राउझरमध्येच कोड लिहायची सवय असेल तर ती मोडा. लॅपटॉप अगदीच दगा देत असेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या ॲपमध्ये क्लँग (सी प्लस प्लसचा कंपायलर) आणि पायथन दोन्ही चालतात. ओटीजीने साधा कीबोर्ड जोडला की बऱ्यापैकी लिहिता येतं.

एआयकडून कोड मागू नका. मागायचंच तर 'माझ्या या रीतीला खोटं ठरवणारं लहान इनपुट दे' एवढंच मागा, आणि दिलेलं इनपुट हाताने तपासा, कारण तेही चुकतं. चालू स्पर्धेत तेही नको. व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर स्पर्धेच्या मधेच उत्तरं फिरतात, त्यांच्या जवळही जाऊ नका. सारखे कोड शोधणारे प्रोग्राम चलांची नावं बदलली तरी ते पकडतात आणि खात्यावर कारवाई होते.

आता त्या २४० प्रश्नांचं. ते वाया गेलेले नाहीत. व्हिडिओ बघून केलेल्यांतले ४० निवडा, शक्यतो तीन महिन्यांपूर्वीचे. त्यांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका, म्हणजे विषय आधी कळणार नाही. रोज दोन चिठ्ठ्या काढा, ४० मिनिटांचं घड्याळ लावा आणि 'रन'चं बटण दाबण्याआधी कोड मोडतील असे तीन इनपुट स्वतः लिहून काढा: एक सर्वांत लहान, एक सगळे आकडे सारखे असलेला, एक मर्यादेच्या वरच्या टोकाचा. पहिल्याच सबमिशनला पास झालेली चिठ्ठी फाडून टाका, बाकीच्या पुन्हा डब्यात. वीस दिवसांनी डब्यात किती उरल्या ते मोजा, आणि त्यांतल्या सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या ज्या विषयाच्या निघतील, त्याच विषयापासून सीएसईएस सुरू करा.